नाना ठमीशी बोलतात, माझ्याशी नाही

ताई, नमस्कार.

मी भुसावळहून लिहितेय. माझे सासरे, नाना, रेल्वेत गार्ड होते, बहुतेक मालगाडीवर. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. स्वभावाने आधीपासूनच कमी बोलणारे. जे काय बोलायचे ते सासूबाईंशी, म्हणजे आमच्या जिजींशी. मागच्या कार्तिकात जिजी गेल्या. शेवटचे चार महिने मी रात्र-रात्र जागून त्यांचं केलं. त्या गेल्यापासून नाना घरात कोणाशीच बोलत नाहीत. "नाना, भाजी कशी झाली?" विचारलं तर "हूं". दुसरं काही विचारलं तर "राहू दे". जेवण अर्ध्यावर आलंय. रात्री अडीचला उठतात आणि ओट्यावर जाऊन बसतात.

गल्लीत एक तांबडी कुत्री आहे, ठमी. जिजी रोज तव्यावरच्या पहिल्या भाकरीतली चतकोर तिला द्यायच्या. तेराव्यापासून ती आमच्या ओट्यावरून हलत नाही. नानांच्या पायाशी बसते आणि नाना तिच्याशी तासन्‌तास बोलतात. परवा पहाटे मी दारामागे उभी राहून ऐकलं. "जेवनी का व?" असं तिला विचारलं, मग दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशनं सांगितली, आणि मग म्हणाले, "जिजीनी याद येस का व तुले?" मी आत येऊन रडले.

पुण्याचे दीर म्हणतात, नानांच्या पंच्याहत्तरीला लॅब्राडोरचं पिल्लू देऊ. 'थेरपी डॉग' आहे, सर्टिफिकेटसकट साठ हजार. आमचे हे म्हणतात, सगळं थोतांड, कुत्र्याने कुठे माणूस बरा होतो? आतेसासूबाई म्हणतात, श्रावणात घरात कानबाई देवी बसायच्या आत ठमीला तापीपलीकडे सोडून या. शेजारी भुंकण्याची तक्रार करतात. मी काय करू? आणि खरं सांगू का, मला ठमीचा राग येतो.

– एक सून, भुसावळ

प्रिय ताई,

शेवटचं वाक्य तुम्ही लिहून खोडलंत आणि पुन्हा लिहिलंत, ते कागदावर दिसतंय. तिथूनच सुरुवात करते. लॅब्राडोर, कानबाई, शेजारी यांची उत्तरं सोपी आहेत. अवघड आहे ते हेच.

सोळा नाही तर वीस वर्षं तुम्ही या घराला दिली असतील. ज्या माणसाला रोज गरम भाकरी वाढली, ज्याच्या बायकोचं आजारपण स्वतःच्या आईसारखं काढलं, तो तुम्हाला "हूं" म्हणतो आणि गल्लीतल्या कुत्रीला जेवलीस का विचारतो. कोणालाही लागेल. मलाही लागलं असतं. तुमचं मन कोतं आहे असं मुळीच समजू नका.

पण नाना काय बोलत होते ते जरा बघा. स्टेशनं मोजत होते. मालगाडीचा गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटी, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटा माणूस. पुढे पन्नासेक वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्यापुढे इंजिन, ड्रायव्हर अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर. मेल-एक्सप्रेसला वाट द्यायला गाडी लूप लाइनला टाकली की दोन-दोन तास अंधारात बसून राहायचं. हिरवा बावटा, कंदील आणि आपण. अशा रात्रींवर ज्याने आयुष्य काढलं, त्याच्या पोटात किती बोलणं साठत असेल! ते ऐकायला घरात एकच माणूस होतं. रात्री अडीचला उठणंही त्या ड्यूटीचंच असेल. त्या वेळी चहा करून द्यायला जिजी उठत असणार. आता उठल्यावर ओट्यावर ठमी असते.

दुसरं म्हणजे, तुम्ही सून आहात. सुनेसमोर सासऱ्याने डोळ्यांत पाणी आणायचं नाही, हा त्यांच्या पिढीचा रिवाज. मुलासमोर तर नाहीच. आपल्याकडे पंच्याहत्तरीच्या माणसाला रडायला घरात जागाच नसते. त्यात आपण सगळे काळजीपोटी सारखे विचारत राहतो. गोळी घेतली का, फिरून येता का, बरं वाटतंय का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला उत्तर देणं हेच फार जड जातं. ठमी काही विचारत नाही. "आता सावरा" म्हणत नाही. आणि तिने जिजींच्या हातची भाकरी खाल्लेली आहे, त्यामुळे जिजींचं नाव काढायला नानांना तिच्यापुढे संकोच वाटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेविन्सन नावाचे मुलांचे मानसतज्ज्ञ होते. एके दिवशी एक आई आपल्या मुलाला घेऊन ठरल्या वेळेच्या बरीच आधी आली. मुलगा स्वतःतच मिटलेला, कोणाशी संबंध न ठेवणारा. एरवी रुग्ण यायच्या वेळी लेविन्सन आपला कुत्रा, जिंगल्स, बाजूला ठेवत. त्या दिवशी तो तिथेच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटायला लागला आणि मुलाने त्याला मिठीच मारली. पुढच्या काही भेटींत तो मुलगा कुत्र्याशीच खेळला, डॉक्टर तिथे असून नसल्यासारखे. लेविन्सनना त्याचं वाईट वाटलं नाही. ते शांत बसून राहिले. मग हळूहळू मुलाचं कुत्र्यावरचं प्रेम थोडं थोडं त्यांच्याकडेही सांडत आलं, असं त्यांनीच नंतर लिहिलंय. १९६१ साली मानसतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडलं तेव्हा काहींनी चेष्टा केली. १९६२ साली त्यांचा लेख छापून आला, आणि आज ज्याला प्राण्यांच्या मदतीने केलेली थेरपी म्हणतात तिच्या सुरुवातीच्या पायऱ्यांमध्ये तो धरला जातो.

तुम्हाला मी एवढंच सुचवते, की लेविन्सन बसले तसं बसा. कसं, ते पुढे सांगते.

त्याआधी माझ्या घरातली एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी तुम्हाला सल्ला देऊ नये.

आमचं घर अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठी. वडील गेले तेव्हा घरात चंद्री नावाची म्हैस होती. आई पहाटे चारला उठायची, भिजवलेली ढेप चंद्रीपुढे ठेवायची, दादर ज्वारीचा कडबा टाकायची, आणि कासेला हात लावायच्या आधी तिच्या पाठीवर दोन थापा मारून काहीतरी पुटपुटायची. त्या महिन्यात आईने माणसांपुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. गोठ्यात काढत असणार, कारण धार काढून आत यायची तेव्हा पदर ओला असायचा, आणि धार काढताना पदर भिजत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मला आणि भावाला एकच दिसत होतं, की आई थकलीय, या वयात तिला शेण-चारा नको. तिला आराम मिळावा म्हणून आम्ही चंद्री विकली. गिऱ्हाईक चांगलं होतं, भावही चांगला आला.

चौथ्या दिवशी पहाटे मी उठले तर आई गोठ्यात, रिकाम्या खुंट्यापाशी. तुटक्या दाव्याचं टोक हातात. मी म्हटलं, आई, झोप ना अजून. ती म्हणाली, "आते उठीसन काय करू व माय?" मला वाटलं, ती उठायचं कारण विचारतेय. ती जगायचं कारण विचारत होती. दोन महिन्यांनी आम्ही शेळी आणली. आईने तिचं सगळं नीट केलं. पण चंद्रीशी बोलायची तशी ती शेळीशी कधी बोलली नाही. आमचा हेतू चांगला होता आणि केलं ते चूक होतं. ही चूक मला अजून सलते. तुमच्या घरात ती होऊ नये.

म्हणून ठमीला तापीपलीकडे सोडू नका. कोणी कितीही म्हणालं तरी नका सोडू. जिजींच्या मागोमाग नानांकडून दुसरं माणूस काढून घेतल्यासारखं होईल. आणि ठमीचं काय? आयुष्यभर एका गल्लीत वाढलेली कुत्री अनोळखी भागात टाकली की तिथली कुत्री तिला फाडतात, नाहीतर ती घराच्या वासाने परत निघते आणि हायवेवर मरते.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. कुत्र्याने माणूस बरा होतो का? त्यांचं अर्धं बरोबर आहे. ठमी औषध नाही. पण थोतांड म्हणावं असंही हे नाही. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारातून वाचून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची वर्षभराची हकीकत प्रसिद्ध केली. घरात एखादा पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. हा अभ्यास लहान होता आणि एवढ्यावरून कुत्रा पाळला की हृदय सुधारतं असं कोणी म्हणू नये. पण त्यानंतर लोक हा विषय गंभीरपणे तपासायला लागले. २०१९ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २४९ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास छापला. काहींना दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना हात लावू दिला, काहींना नुसतं बघू दिलं, काहींना फोटो दाखवले, काहींना थांबवून ठेवलं. ज्यांनी हात लावला त्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, बाकीच्यांपेक्षा कमी निघालं. नानांचा हात ठमीच्या मानेवरून फिरतो तेव्हा काय होतं, त्याचा थोडा अंदाज यावरून येईल.

यजमानांना आणखी एक सांगा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणणारी आपली माणसं. जनावराशी बोलणं आपल्याला कोणी परदेशातून शिकवायला नको.

दिरांचं मन मोठं आहे, पण त्यांना पैसे देऊ नका म्हणावं. थेरपी डॉग पिल्लू म्हणून विकत मिळत नाही. जे कुत्रे दवाखान्यात, विशेष मुलांच्या शाळेत, वृद्धाश्रमात नेतात ते आधी वयात यावे लागतात, त्यांचा स्वभाव पारखावा लागतो. कोणी अचानक ओरडलं, कुबडी पडली, मुलाने कान ओढला तरी ते बिथरत नाहीत, हे बघावं लागतं. सोबत त्यांना ओळखणारं माणूस कायम असतं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था हे काम करते. अंध माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा आणखी वेगळा, त्याचं शिक्षण फार मोठं असतं. आणि हे काम फक्त कुत्रीच करतात असंही नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत आपण घोड्यांची चाल बघायला गर्दी करतो ना, त्या चालीने वर बसलेल्याच्या कमरेला जी लय मिळते ती माणसाच्या चालण्याच्या जवळची असते. म्हणून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेल्या मुलांना शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली घोड्यावर बसवतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे पडले होते. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं, आणि तिथून या उपचाराला पुष्कळ बळ मिळालं.

तेव्हा दोन महिन्यांच्या पिल्लावर ज्याने थेरपीचं सर्टिफिकेट चिकटवलंय, तो दिरांना फसवतोय. शिवाय लॅब्राडोर दाट केसांचा, थंड मुलखातला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग निववावं लागतं. भुसावळचा मे महिना, पंचेचाळीसच्या पुढचा पारा! एसीशिवाय त्याचे हाल होतील. पिल्लू म्हणजे दिवसातून दहा वेळा मुतणार, चपला चावणार, रात्री रडणार. हे सगळं तुमच्या अंगावर पडेल आणि नाना आणखी कोपऱ्यात जातील. साठ हजारांतले थोडे दिरांनी ठमीवर खर्च करावेत. ती या मातीतली आहे, ऊन सोसते, आणि नानांनी तिला आधीच निवडलंय.

ठमीला करायच्या गोष्टी या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्या, बूस्टर कधी ते डॉक्टर सांगतील, मग दर वर्षी न चुकता. जंताचं औषध. पावसाळा आहे, गोचीड वाढतील, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघा. कानाचं टोक कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे, नसेल तर करून घ्या. पट्टा घाला. नगरपालिकेत पाळीव कुत्र्याची नोंद होत असेल तर करा. तिच्या गळ्यात पट्टा आणि तुमच्या हातात लशीचं कार्ड आलं की शेजाऱ्यांचाही सूर बदलतो. रात्री तिला ओट्यावर न ठेवता अंगणाच्या आत, कोरड्या गोणपाटावर झोपवा, भुंकणं पुष्कळ कमी होईल. शेजाऱ्यांकडे एकदा स्वतः जा आणि त्रासाबद्दल माफी मागा. त्यांची तक्रार खोटी नाही. लहान मुलं असलेल्या घराला भटक्या कुत्र्याची भीती वाटणारच.

खाण्याचं जपा. आपल्या जेवणात कांदा-लसूण सढळ, भरीत काय न्‌ शेवभाजी काय. कुत्र्याला कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट घातक असतं. शिजवलेली हाडंही नको, ती टोकदार तुटतात. दूध अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. कोरडी भाकरी, भात, उकडलेलं अंडं चालेल. नानांची कातडी आता पातळ झाली असेल, खेळता खेळता नख लागू शकतं. नख असो की दात, कातडी खरचटली की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. ठमी घरची आहे, तिला काही झालेलं नाही, असं म्हणून थांबू नका. हळद-मिरची भरू नका.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. आधार देणारं जनावरही थकतं. थेरपीच्या कुत्र्याबरोबर जाणारं माणूस सतत त्याच्याकडे बघत असतं. तो झोप नसताना जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, तोंड फिरवायला लागला, की त्याला बाहेर नेऊन विश्रांती देतात. ठमीचंही तसंच. मुलांनी तिला मिठ्या मारू नयेत, जेवताना हात लावू नये, उठून गेली तर जाऊ द्यावं. तिच्या उपकाराची फेड करायची असेल तर अशी करा. फुलं-हार तिला काय कळणार!

आतेसासूबाईंशी वाद घालू नका. कानबाई घरात येणार म्हणजे रंगरंगोटी, सोवळं-ओवळं आलंच, त्यांच्या भावनेत वाईट काही नाही. त्यांना शब्द द्या, की ते दोन दिवस ठमी मागच्या दारी राहील, देवाच्या खोलीकडे येणार नाही. कानबाईच्या प्रसादाचा रोट तिला चुकूनही देऊ नका. तो भाऊबंदांतच खायचा असतो आणि तेवढ्यावरून वर्षभराचं भांडण लागेल. नंतर कधी निवांत बसलात तर सारंगखेड्याच्या दत्ताची आठवण काढा. दत्ताच्या फोटोत पायाशी कोण बसलेलं असतं, ते आत्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता नानांबद्दल, आणि हे मात्र टाळू नका. ठमी असली तरी डॉक्टर लागतील. जिजींना जाऊन आठ महिने झाले. जेवण अर्धं, झोप अडीचपर्यंत, बोलणं बंद. यात दुःख आहेच, पण डिप्रेशनही असू शकतं आणि ते औषधाने, समुपदेशनाने सुधारतं. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. आणि कान तपासा. जन्मभर रुळांचा खडखडाट आणि इंजिनाचे भोंगे ऐकलेला माणूस आहे. तुमच्या अर्ध्या प्रश्नांना "हूं" येतं ते प्रश्न ऐकूच न आल्यामुळेही असेल. ठमीपुढे ऐकावं लागत नाही, नुसतं बोलायचं असतं. माझ्या ओळखीत एका घरात "म्हातारा तऱ्हेवाईक झाला" असं वर्षभर बोललं गेलं आणि शेवटी कानाचं मशीन लागलं तेव्हा म्हातारा नातवंडांच्या गप्पांत बसायला लागला. मग मानसोपचारतज्ज्ञ. घरातून कोणी "वेड्याच्या डॉक्टरकडे कशाला" म्हटलं तर आधी टेली-मानसला फोन करा. नंबर १४४१६. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली मोफत सेवा आहे, रात्री-बेरात्री चालते, मराठीत बोलता येतं. आणि "आता जगून काय करायचं", "जिजीकडे जातो" असं नानांच्या तोंडून एकदा जरी आलं, ठमीला उद्देशून का होईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि तुम्ही. लेविन्सनसारखं बसायचं म्हणजे असं. सकाळी तव्यावरची पहिली भाकरी उतरली की चतकोर मोडून नानांच्या हातात द्या. ठमीला स्वतः टाकू नका. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्लॉरेन्स नाइटिंगेलने रुग्णसेवेबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं, की अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ पाखरू असेल तर त्याचं दाणापाणी आणि साफसफाई शक्यतो त्यालाच करू द्या, त्याला मदत करा. म्हणून ठमीचं पाणी बदलणं, पट्टा लावणं, डॉक्टरकडे नेणं, सगळं नानांकडेच राहू द्या. तुम्हाला वाटेल त्यांना त्रास कशाला. द्या त्रास. आमच्या आईचा त्रास आम्ही काढून घेतला होता.

मग तुमचा चहाचा कप घेऊन ओट्याच्या खालच्या पायरीवर बसा. नानांच्या समोर नको, बाजूला. काही विचारू नका. फार तर ठमीशी बोला. "ठमे, आज पाऊस लागला बघ." एवढंच. नाना उत्तर देणार नाहीत, नको देऊ देत. दहा मिनिटांनी उठा आणि आपल्या कामाला लागा. असं रोज. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. एखाद्या दिवशी ठमीला म्हणा, "जिजी तुला कडेची जाड भाकरी द्यायच्या, मी पातळ करते, गोड लागत नाही ना तुला?" जिजींचं नाव तुमच्या तोंडून आलेलं नानांना ऐकू द्या. तुम्हीही त्यांना गमावलंय. चार महिने रात्री जागणाऱ्या बाईला रडायला कोणी सवड दिली, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. दारामागे उभं राहून रडण्यापेक्षा त्या पायरीवर रडा. नाना बघतील, किंवा बघणार नाहीत. ठमी मात्र उठून जवळ येईल, कुत्री येतात. तिच्या डोक्यावर हात ठेवा. राग गेला नाही तरी ठेवा.

ठमीचं वय किती, ते पशुवैद्यांना दात बघून सांगता येईल. ती पाच-सात वर्षांची असेल तर कधीतरी तिचंही जाणं येईल आणि ते नानांना जड जाईल. त्या भीतीने आजची सोबत तोडू नका, पण यजमानांच्या कानावर घालून ठेवा. तोपर्यंत ओट्यावर ठमीशिवाय आणखी कोणी बसायला लागलेलं असलं पाहिजे. यजमानांनाही पायरीवर बोलवा. त्यांचे वडील आहेत. थोतांड म्हणणाऱ्या माणसाचा आवाज पुष्कळदा आतून दाटलेला असतो.

दवाखान्यात लशीचं कार्ड भरताना मालकाचं नाव विचारतील. यजमान बरोबर असतील तर ते स्वतःचं सांगायला जातील. त्यांना थांबवा, पेन नानांच्या हातात द्या आणि त्यांना स्वतःच्या हाताने लिहू द्या.

तुमची,
ताई